क्ष दोनाकडं जायलाय

आमच्या शेजारचे नाना मोबाइलमधल्या माणसाला हाताने बाजूला सारतात. ऑनलाइन क्लासचे सर फळ्यासमोर उभे राहिले, की नाना माझ्या मोबाइलच्या काचेवर बोट घासत ओरडतात, "ओ मास्तर, सरका की! पोरीला दिसंना गेलंय!" बोट लागून व्हिडिओ भलतीकडेच पळतो. नाना खूश. "बघ, सरकला."

"नाना, ते रेकॉर्डिंग आहे. त्यांना ऐकू जात नाही."

"वर्गातल्या पोरांनाबी ऐकू जात नव्हतं. म्हनून बोलायचं सोडलं का आमी?"

नानांनी गंगाखेडात जन्मभर गणित शिकवलं. ते निवृत्त झाले, पण गणित काही त्यांना सोडत नाही. नाव आठवलं नाही की माणसाला सरळ 'क्ष' म्हणतात. "तुझ्याकडं एक क्ष येऊन गेला, कुरिअर घेऊन." एकदा सख्ख्या व्याह्यांनाच क्ष म्हणाले. ते अजून रुसलेले आहेत.

लग्नात अर्धवट सुटलेली बी.एस्सी. मी आता पस्तिशीत पुन्हा धरली आहे. कॅल्क्युलस आलं आणि धरलेलं सुटायला लागलं. एका उदाहरणाने तर अगदी रडवलं. वर क्ष वर्ग वजा चार, खाली क्ष वजा दोन, आणि 'क्ष टेंड्स टू दोन'. मी दोन घातले, तर शून्य भागिले शून्य! सर म्हणतात, क्ष म्हणजे दोन नाही, म्हणून वरखालचे क्ष वजा दोन छाटा, उरले क्ष अधिक दोन. आणि लगेच त्याच क्षच्या जागी दोन घालून चार उत्तर काढतात. मला ही शुद्ध लबाडी वाटली. सोमवारी परीक्षा होती. हे डोक्यात शिरलं नाही तर क्लास सोडायचा, असं ठरवूनच मी नानांच्या ओसरीवर गेले.

"टेंड्स टू म्हंजी काय?" नानांनी विचारलं.

"म्हणजे... बरोबर?"

"हितंच चुकायलीस! क्ष दोनाकडं जायलाय. गेला न्हाई. जायलाय आन् गेला, एकच हाय का?"

मी वहीतल्या 'टेंड्स टू'खाली रेघ ओढली.

"घाटाची एक पायरी निसटली समज. वरून उतरत ये, खालून चढत ये. पाय ठेवायला पायरी न्हाई. पर ती कुठं होती, कळतंय का न्हाई?"

"कळतं की."

"मग चार म्हंजी त्या पायरीची जागा. क्ष दोनावर पोचला का, हे कुनी इचारलंच न्हाई."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पुढची उदाहरणं मी पटापट सोडवली. नाना तपासत होते. एकही चूक निघेना, तसतसा त्यांचाच चेहरा उतरत गेला.

"आता जमेल मला, नाना." मी वही मिटली.

"जमंल की. हुशार हायस." मग थांबून म्हणाले, "बस जरा. चहा टाकतो."

नानांना चहा येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. काकू गेल्यापासून त्या घरात 'भाजी कोणती करू' एवढंही विचारणारं कोणी नाही. जन्मभर उत्तरं दिलेल्या माणसाला आता कुणी काही विचारतच नाही. मला फार वाईट वाटलं.

नानांनी पुस्तक ओढून घेतलं, उगाच पानं चाळली. "हे एक बघ. लय अवघड हाय. तुला एकटीला न्हाई जमायचं."

मी बघितलं. अख्ख्या प्रकरणातलं ते सगळ्यात सोपं उदाहरण होतं.

"अगं बाई," मी म्हणाले, "ह्यातलं तर मला काहीच कळेना गेलंय."

नाना खुर्ची ओढून जवळ बसले. "कळंल," ते म्हणाले, "मी हाय की."