खरात सरांचे पाहुणे

आमच्या गल्लीत सकाळी फिरायला निघणारे पुष्कळ आहेत. कुणी कुत्र्याला फिरवतं, कुणी नातवाला, कुणी आपल्या मधुमेहाला. आमच्या समोरचे खरात सर सोयाबीनचं पोतं फिरायला नेतात. चक्क व्हीलचेअरवर बसवून, पोटाला पट्टा बांधून, आणि उन्हाळा असला तर वरून ओला पंचा टाकून.

नव्या माणसाला वाटतं, म्हातारबा मोंढ्यात माल घालायला निघाले. एकदा एका ऑटोवाल्याला दया आली. तो म्हणाला, "काका, मोंढ्यातच चाललो मी. टाका माल पाठीमागं." सर असे काही भडकले की विचारू नका.

"पाहुण्याला माल म्हणून राह्यला का रे? पाहुणे हायेत ते! त्यांना रस्ता दाखवून राह्यलो मी!"

ऑटोवाल्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे पाहिलं आणि भाडं न शोधताच गाडी हाणली.

सर परतूरकडच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. बायको वारली, नोकरीही संपली, तेव्हा जालन्यात येऊन आमच्यासमोर भाड्यानं राहिले. टेम्पोतून सामान उतरलं ते एक लोखंडी कॉट, बायकोचा हार घातलेला फोटो, गळ्यात घालायची शिट्टी, खडूंचा डबा आणि ही व्हीलचेअर. चांगला धडधाकट माणूस, तरातरा चालणारा, आणि सामानात व्हीलचेअर! आई खिडकीतून बघून म्हणाली, "म्हातारपणाची सोय आधीच करून ठेवली. माणूस मोठ्या धोरणाचा दिसतो."

धोरण वेगळंच होतं. सर पोतं घेऊन जालनाभर हिंडायचे. जिथं जिथं चढ-उतार दिसेल तिथं खुर्ची चढवून बघायची. पोतं नीट चढलं तर खिशातला खडू काढून जमिनीवर लिहायचं, 'पास'. कलंडलं तर 'नापास'. मास्तरकी सुटली तरी मास्तरांची खोड सुटत नाही, तसलं काहीतरी. नव्या जालन्यातल्या एका बँकेचा उतार त्यांना बेहद्द आवडला, पण वरच्या टोकाला सरकतं दार, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बदली होऊन गेलेल्या शिपायाकडे. सरांनी तिथं सविस्तर निकाल लिहिला, 'उतार पास, किल्ली नापास.' एका मंगल कार्यालयानं तर उतारावर चकचकीत फरशी बसवली होती. पाहुणे तिथून जे सुटले ते थेट आचाऱ्याच्या पातेल्यांत जाऊन थांबले. "उतार हाय का घसरगुंडी?" म्हणून सरांनी वधूपित्यालाच फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, वरपक्षाचे कुणी मानकरी रुसले आहेत. त्यानं सरांना टोपी-उपरणं दिलं. सरांनी टोपी ठेवून घेतली आणि निकाल काही बदलला नाही.

माझी त्यांची ओळख खिडकीतून. मी परतूर रोडला मोटारसायकलवरून पडले, पाठीच्या कण्याला मार बसला आणि पायांनी कायमचा राजीनामा दिला. दवाखान्यातून आले ती खिडकीशी बसले. घरचे जीव लावणारे होते, यात शंका नाही. पाणी हातात यायचं, ताट हातात यायचं, बातम्याही हातात यायच्या. सगळंच माझ्याकडे यायचं. मला कुठं जाता येत नाही, हे त्या मायेत कुणाच्या लक्षातच आलं नाही. हळूहळू माझ्याही लक्षातून गेलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

एके सकाळी पाहुणे आमच्या फाटकाशी थांबले. सरांनी बाबांना हाक मारली.

"ओ भाऊ, ही ओट्याला सिमेंटची उतरण कशापायी केली?"

"मोटारसायकल चढवायला," बाबा म्हणाले. "रात्री बाहेर ठेवता येत न्हाई."

"म्हंजे गाडीसाठी उतार केला. आणि पोरगी?"

"ती कुठं जाणार?"

"तिला इचारलं का?"

आमच्याकडे घरोघरी असा उतार असतो. गाडी रोज संध्याकाळी दिमाखात घरात येते, सकाळी दिमाखात बाहेर जाते. तीच वाट माणसालाही चालेल, हे आमच्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा. सरांनी पोतं चढवून बघितलं. उतार अरुंद होता, उभा होता. लिहिलं, 'नापास'. आठवड्याच्या आत बाबांनी तो फोडून लांब, रुंद, निवांत उतार बांधला. त्यावरून मी पहिल्यांदा एकटी रस्त्यावर उतरले तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि सर शिट्टी वाजवत होते.

बाहेर पडल्यावर कळलं की जालन्याचे लोक फार प्रेमळ आहेत. व्हीलचेअर दिसली की कुणीतरी मागून ढकलतंच. कुठं जायचंय ते विचारत नाहीत. मला एकदा मेडिकलमध्ये जायचं होतं, तर एका सज्जनांनी मला मारुतीच्या देवळात नेऊन सोडलं. वर म्हणाले, "बसा निवांत." मी हे सरांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते मला एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडे घेऊन गेले आणि माझ्या खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी कापून टाकल्या.

"आता बघू कोण ढकलतंय," सर म्हणाले. "चाक तुझं, हात तुझा, रस्ता तुझा. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाई!"

हे 'हात लावायचा न्हाई' त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं म्हटलं आहे की आमच्या कोपऱ्यावरचे चहावाले गफूरभाई मला लांबूनच चहा दाखवतात आणि विचारतात, "सर हैं क्या? कप हातात देऊ का नको?"

मग मैदान. चढ तपासता तपासता सरांनी माझ्यासारखी बरीच माणसं हेरून ठेवली होती. रोलिंग मिलमध्ये पाय गेलेला एक जण, पोलिओ झालेल्या एक शिक्षिका, अशी आमची व्हीलचेअर बास्केटबॉलची टीम जमली. खेळाच्या खुर्च्या पुण्याहून आल्या. बाबांनी माझी खुर्ची बघितली आणि म्हणाले, "चाकं वाकडी हायेत हिची. वाटेत दबली असंल. परत पाठवा." सरांनी समजावलं की चाकं वरून आत झुकलेली असली की खुर्ची झटकन वळते आणि सहज उलटत नाही. बाबांना ते पटलं नाही. ते आजही आल्यागेल्याला सांगतात, "खुर्ची वाकडीच आली, पण पोरीनं भागवून घेतलं."

सहज उलटत नाही, असं सर म्हणाले होते. मी पहिल्याच दिवशी उलटले. पट्ट्यानं खुर्चीला बांधलेली, पाठ जमिनीला, चाकं आभाळाकडे, उताण्या झुरळासारखी. चार माणसं धावली. सरांनी शिट्टी फुंकली. "हात लावायचा न्हाई!"

मी त्या आभाळाकडे बघत सरांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण एका हातानं जमीन रेटली, दुसऱ्यानं चाक धरलं, पुन्हा पडले, पुन्हा रेटलं, आणि बसती झाले. माझी मीच. आई-बाबांनी मला जन्म दिला, डॉक्टरांनी जीव वाचवला, हे सगळं खरंच. पण मी परत माणसांत आले ती त्या एका शिट्टीनं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पुढं आम्ही बाहेरगावी जाऊन एक सामना जिंकून आलो. लगेच सत्कार ठरला. हॉल भरलेला, हार तयार, आणि सत्कार व्हीलचेअरवाल्यांचा म्हणून मंच चांगला छातीएवढा उंच! पायऱ्या पाच-सहा, उतार कुठंच नाही. कार्यकर्ते बाह्या सरसावून आले. "ताई, घाबरू नका. खुर्चीसकट उचलतो."

सर पुढं झाले. "आधी पाहुण्याला चढवून दाखवा."

चौघांनी पोत्याची खुर्ची उचलली. तीन पायऱ्या नीट गेल्या. वर एकानं जोर लावला, खाली एकाचा पाय निसटला, खुर्ची कलंडली, पोतं मंचावर आपटलं आणि उसवलं. सोयाबीन सगळीकडे उधळलं. प्रमुख अतिथी लगबगीनं उठले ते घसरून पुन्हा खुर्चीत बसले. सूत्रसंचालक माइक धरून पाय न हलवता उभा राहिला. त्या शांततेत सरांनी खडू काढला आणि मंचाच्या कडेवर लिहिलं, 'नापास'.

अतिथी मात्र दिलदार निघाले. जपून जपून खाली उतरले, प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि आमच्या रांगेत बसून म्हणाले, "चला, सत्कार खालीच करू." हॉलभर टाळ्या पडल्या.

सर टाळ्या वाजवत नव्हते. ते मंचावर गुडघे टेकून सोयाबीन गोळा करत होते. सगळे पांगले तरी खुर्च्यांखालून, सतरंजीच्या घडीतून दाणे वेचत होते. मी म्हटलं, "सर, राहू द्या. नवं पोतं भरू की."

"वजन बराबर भरलं पायजे," ते खाली बघतच म्हणाले.

परतताना ते किराणा दुकानात थांबले. पोतं काट्यावर ठेवलं. दुकानातलं सोयाबीन घेऊन मूठभर घातलं, थोडं काढलं, पुन्हा चिमूटभर घातलं. दुकानदार हसला, "सर, मुठीनं काय फरक पडून राह्यला?" एरवी त्याची शंभर टक्के शाळा घेतली असती. आज फक्त पैसे दिले. बाहेर आल्यावर मलाच म्हणाले, "मंगलचं वजन हाय हे. शेवटचं."

मंगल म्हणजे फोटोतली त्यांची बायको. खुर्ची तिची होती.

"लई वर्षं ढकललं मी तिला," सर म्हणाले. "ती म्हणायची, चाक मला फिरवू द्या, मी जाते वाण्यापर्यंत. मी म्हणायचो, मी हाय ना. बिलकुल हात लावू दिला न्हाई तिला. मला वाटायचं, माया करून राह्यलो. ती गेली तवा ध्यानात आलं, तिला एकदाबी एकटीला कुठं जाता आलं न्हाई."

"म्हणून माझ्या मुठी कापल्या?"

"मंग!"

"आणि पोतं?"

सरांनी पोत्याचा पट्टा आवळला.

"ती गेल्यावर हे हात कुठं ठेवावं कळंना. सवय लागल्ती ना. मंग पोतं बसवलं. लोकं इचारायला लागले, तर कायतरी सांगावं लागतंय. चढ तपासायचं मागून सुचलं."

घरी आल्यावर मी आईला कापलेल्या मुठींविषयी विचारलं. आमच्या घरात गंजका खिळासुद्धा फेकत नाहीत. आईनं दिवाणाखालून फडक्यात बांधलेल्या मुठी काढून दिल्या. मी त्याच वेल्डरकडे गेले आणि नट-बोल्टनं बसवून घेतल्या, पाहिजे तेव्हा काढता येतील अशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पोत्याला पट्टा बांधत होते, तेव्हा मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. म्हणजे बसले. म्हटलं, "सर, आज पाहुण्यांना सुट्टी द्या."

त्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मुठींकडे पाहिलं. जन्मभर पोरांवर ओरडलेला तो आवाज एकदम बारीक झाला.

"हात लावू?"

"चढावर मी. सपाटीला तुम्ही."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि मुठी धरल्या. आम्ही गल्लीतून निघालो. कोपऱ्यावर गफूरभाईंनी आम्हाला बघितलं आणि किटली ठेवून लगबगीनं पुढं आले. "सर, तुम्ही कायको? थकाल. द्या इकडं, मी ढकलतो."

"हात लावायचा न्हाई!" सर ओरडले, आणि त्यांनी मुठी आणखी घट्ट धरल्या.