अपूर्ण कादंबरीचा दाखला

एव्हारिस्तो बेरुती या इसमाची कादंबरी एकोणीस वर्षे सुरू होती आणि ती संपवण्याचा त्याचा कोणताही गैरहेतू नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे.

उरुग्वेतल्या पासो गार्सास या नदीकाठच्या गावात तो नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकून होता. गावात खाटीक दोन होते, नोटरी तीन होते, पण कादंबरी लिहीत असलेला माणूस एकच. लिहून मोकळे झालेले लेखक शेजारच्या गावातही होते, त्यांना कुत्रेसुद्धा विचारत नसे. लिहीत असलेल्याची गोष्ट वेगळी. सांस्कृतिक विभागाने एव्हारिस्तोला ‘निर्मितीप्रक्रियेतील साहित्यिक’ असा दाखला दिला होता आणि दर मार्चमध्ये त्याचे विनातक्रार नूतनीकरण होत असे. या दाखल्यावर त्याला बुधवारी दुपारची सुट्टी मिळे. शिवाय दर रविवारी क्लबमध्ये असादो होई, तेव्हा गावातल्या प्रत्येक पुरुषाला पाळीपाळीने चार तास निखाऱ्यांपुढे उभे राहून सगळ्यांसाठी मांस भाजावे लागे. एव्हारिस्तोची पाळी कधीच आली नाही. “त्याला नका उठवू, त्याच्या डोक्यात कादंबरी चालू आहे,” असे म्हणून लोक सर्वांत मऊ बरगडी त्याच्याच ताटात वाढत.

बुधवारी दुपारी तो झोपत असे.

तरी खोटे कशाला बोला, मनातून त्याला एक गोष्ट फार हवी होती. आपण लिहिलेले कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. कुणीही चालले असते. बायकोने, निदियाने, सतरा वर्षांपूर्वी पहिली चाळीस पाने वाचली होती आणि “पुढचं झालं की दे” म्हणून ती सासूला भेटायला निघून गेली होती.

अपघात घडला तो पर्यटन सप्ताहात. त्या आठवड्यात सगळे गाव तंबू आणि गळ घेऊन नदीवर जाते. एव्हारिस्तो दरवर्षी लेखनासाठी घरी थांबे, म्हणजे टीव्हीवर फुटबॉल बघे. त्या वर्षी पहिल्याच दिवशी वीज कडाडली आणि टीव्ही जळाला. पाऊस हटेना. चौथ्या दिवशी कंटाळून त्याने हस्तलिखित उघडले, आणि शनिवारी त्याच्या लक्षात आले, की लिहायला आता काही शिल्लकच नाही. कापितोलिना ही त्याची नायिका नवऱ्याला ऐलतीरावर सोडून भरल्या पुरात होडी घेऊन निघाली होती, आणि पुढे तिचे काय झाले तेही त्याने शेवटच्या तीस पानांत लिहून टाकले होते. एकूण दोनशे बारा पाने. निव्वळ हलगर्जीपणा, दुसरे काय.

निदिया बहिणींबरोबर नदीवरून परतली, तेव्हा तो दारातच उभा होता.

“कादंबरी झाली,” तो म्हणाला.

“झाली म्हणजे?”

“म्हणजे संपली.”

निदियाने माशांची पिशवी खाली ठेवली. “कुणाला सांगितलंस का?”

“अजून नाही.”

“मग सांगूही नकोस. हातचं सोडून कशाला पळत्याच्या पाठी लागतोस? बुधवारचं काय होईल? आणि या गुडघ्यांवर तू निखाऱ्यापुढे उभा राहणार?”

“तू वाचशील ना पण?”

“वाचेन की. आधी मासे तरी साफ करू दे मला.”

मासे साफ झाले, तळले गेले, खाऊनही झाले. हस्तलिखित फडताळावर होते तिथेच राहिले. सोमवारी एव्हारिस्तोने स्वतःच सांस्कृतिक विभाग गाठला.

विभागप्रमुख दोन्या एर्मिंदा ‘माते’ या तिकडच्या कडू चहाचा पेला हातात आणि गरम पाण्याचा थर्मास काखेत धरून बसल्या होत्या. हा थर्मास त्या सही करतानाही खाली ठेवत नसत.

“संपली?” त्या म्हणाल्या. “सेन्योर बेरुती, शब्द जरा जपून वापरा. हे कार्यालय आहे.”

मग त्यांनी नियम समजावला. विभागाकडे दोन नमुने उपलब्ध होते. निर्मितीप्रक्रियेतील कृतींसाठी निळा आणि मरणोत्तर कृतींसाठी करडा. हयात लेखकाच्या पूर्ण झालेल्या कृतीसाठी नमुनाच नव्हता, कारण आजवर तशी वेळ कुणी आणली नव्हती.

“मग मी काय करायचं?”

“तुम्ही जन्ममृत्यूच्या खिडकीवर बसता. या बाबतीत काय सोयीचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” त्यांनी मातेचा शेवटचा घोट आवाज करून ओढला. “प्रकाशन समारंभ मात्र होईल हं. समारंभाला नमुना लागत नाही, वाईन लागते. दाखला तेवढा आज जमा करून जा.”

त्याच आठवड्यापासून एव्हारिस्तो बुधवारी दुपारी खिडकीवर दिसू लागला आणि रविवारी निखाऱ्यांपुढे. पहिल्याच खेपेला त्याने सबंध क्लबच्या बरगड्या करपवल्या. “जो कादंबरी संपवतो, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?” असे तिघांतले थोरले नोटरी म्हणाले, आणि आजवर त्याच्या प्रतिभेचे गोडवे गाणाऱ्या कुणालाही ते खटकले नाही. एव्हारिस्तोने सगळे हसत सोसले. आता लोक वाचणार होते.

कोपऱ्यावरच्या विल्मारच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याने चाळीस प्रती काढायला दिल्या. समारंभाच्या सकाळी त्या बांधून आल्या, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर त्याने चार प्रेमाच्या ओळी लिहून सही केली. संध्याकाळी क्लबमध्ये गावचे डॉक्टर सागास्ती कादंबरीवर पाऊण तास बोलले. पैकी अर्धा तास नदीच्या प्रदूषणाबद्दल होता. टाळ्या झाल्या, वाईन संपली, प्रती वाटल्या गेल्या.

पुढचे दोन आठवडे एव्हारिस्तो जमिनीवर नव्हता. नोटरी खिडकीपाशी थांबून म्हणाले, “शेवट वाचून मी रडलो.” डॉक्टर म्हणाले, “शेवट काय धाडसी केलाय, गड्या!” दोन्या एर्मिंदांनी अभिप्राय दिला, की शेवटामुळेच आधीच्या पानांना अर्थ प्राप्त होतो. निदियासुद्धा भांडी घासता घासता म्हणाली, “शेवट गोड केलास, बरं वाटलं.” त्या रविवारी त्याने बरगड्या जवळजवळ नीट भाजल्या.

तिसऱ्या आठवड्यात विल्मार एक खोके घेऊन खिडकीशी आला.

“गड्या एव्हारिस्तो, रागावू नकोस. त्या दिवशी मशीन अडकलं होतं. एकशे ब्याऐंशी पानांपर्यंत बांधणी झाली आणि शेवटची तीस पानं, चाळीसही प्रतींची, या खोक्यात राहिली. म्हटलं, कुणी तक्रार घेऊन आलं की लगेच जोडून देऊ.”

एव्हारिस्तोने खोके उघडले. एकशे ब्याऐंशीवे पान त्याला पाठ होते. कापितोलिना वल्ही उचलते आणि पान ‘पण’ या शब्दावर संपते. पुढचे सगळे या खोक्यात होते.

“किती जण आले?” त्याने विचारले.

“आलं असं कुणी नाही.”

“चाळीसच्या चाळीस प्रतींवर मी सह्या केल्यात, विल्मार.”

“हो ना,” विल्मार म्हणाला. “तूही नाही आलास.”

एव्हारिस्तोला आधी शरम वाटली आणि मग, शरम एकट्याने सोसवेना म्हणून, संताप आला. भर चौकात उभे राहून एकेकाला त्याच्या नावानिशी जाब विचारायचा, असे ठरवून तो खोके घेऊन निघाला. पण कारकुनाचा पाय वरिष्ठांना कळवल्याशिवाय चौकात पडत नाही. तो दोन्या एर्मिंदांच्या दारात गेला.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि एव्हारिस्तोच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला.

“म्हणजे वितरित झालेली कृती अपूर्ण आहे,” त्या म्हणाल्या. “चाळीस घरांत त्याचा पुरावा आहे. सेन्योर बेरुती, तुम्ही सुटलात!”

त्यांनी निळा नमुना पुढे सरकवला. अट एवढीच होती, की शेवटच्या तीस पानांवर लेखकाचे काम अद्याप चालू आहे असे प्रतिज्ञापत्र त्याने द्यावे, आणि खोके मोहोर लावून नगरपालिकेच्या कपाटात जमा करावे.

“आणि लोकांनी वाचलं नाही, त्याचं काय?”

“वाचलं नाही असं कुणी म्हणालं का तुम्हाला? उलट तुम्ही न दिलेल्या शेवटावर माणसं रडली. असा लेखक अख्ख्या खंडात दुसरा दाखवा मला.”

स्वाभिमानाचा नीट विचार करण्यासाठी एव्हारिस्तोने बुधवारची दुपार मागून घेतली. त्या दुपारी त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली. गुरुवारी त्याने सही केली.

रविवारी क्लबच्या लांब टेबलावर त्याची जागा त्याला परत मिळाली. निखाऱ्यांपुढे नोटरी घाम पुसत उभे होते आणि मऊ बरगडी एव्हारिस्तोच्या ताटात होती. इतक्यात क्लबच्या स्वयंपाकघरात तळणीवर असणारी इराइदा हात पुसत बाहेर आली. तिच्या काखेत कादंबरीची एक प्रत होती.

“सेन्योर बेरुती, जेवताना त्रास देते. डॉक्टरसाहेब हे इथल्या बाकावर विसरले होते, समारंभाच्याच रात्री. न्यायला आलेच नाहीत, म्हणून मी वाचलं. दोनदा वाचलं. पानांना तेल लागलंय, तेवढं माफ करा.”

एव्हारिस्तोच्या हातातला काटा तसाच राहिला.

“ती वल्ही उचलते, आणि ‘पण’ म्हणून सगळं थांबतंच. मला वाटलं, माझीच पानं गळली. म्हणून या सगळ्यांना विचारलं शेवटाचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, सांगितला तर मजा जाईल. नोटरीसाहेब म्हणाले, शब्दांत सांगण्यासारखा नाही.” ती खाली वाकली. “पोचते का हो ती पलीकडे? मीही एकदा निघाले होते घरातून. अर्ध्या वाटेतून परत आले. तळताना सारखं तिचंच मनात येतं.”

डॉक्टर सॅलडमधला कांदा निवडू लागले. टेबलाच्या टोकाला दोन्या एर्मिंदांनी मान वर केली आणि एव्हारिस्तोकडे पाहिले. ती तीस पाने चौक ओलांडला की समोरच्या इमारतीत, मोहोरबंद कपाटात होती. एकोणीस वर्षे ज्या एका माणसाची त्याने वाट पाहिली, तो माणूस पिठाच्या हातांनी त्याच्यासमोर उभा होता. बरगडी गार होत होती.

“लिहितोय अजून,” एव्हारिस्तो म्हणाला.

“असं होय,” इराइदा म्हणाली. “मग सावकाश लिहा. झालं की मला आधी सांगा. मी थांबते.”

ती आत गेली. डॉक्टरांनी आपल्या ताटातली एक बरगडी उचलून त्याच्या ताटात वाढली, आणि टेबलावर पुन्हा बोलणे सुरू झाले.

हे वाचून एव्हारिस्तोचा राग येणे रास्त आहे. वाचकांनी तो जरूर करावा. त्याआधी आपल्या कपाटातून ‘सप्रेम भेट’ असे लिहिलेले एक पुस्तक तेवढे काढावे, मित्राचे किंवा मेव्हण्याचे, ज्याचा शेवट आपल्याला फार आवडल्याचे आपण त्याला तोंडावर सांगितले होते, आणि त्या पुस्तकाला शेवटची पाने आहेत की नाहीत हे बघून घ्यावे.