मृगातला डाग

पाकीट ४१७. खेमराज मास्तर, कुडवा. काचेची प्लेट, नग एक. विषय: आकाश.
शिक्का: डाग काढून साफ करणे.

हा शिक्का घनश्यामसेठने मुद्दाम करवून घेतला होता आणि आपल्या फोटो स्टुडिओत आलेल्या प्रत्येक पाकिटावर तो न बघता हाणत असे. नवरीच्या गालावरचे देवीचे वण असोत की नवऱ्याच्या सदऱ्यावरचा वरणाचा थेंब, पाकीट शेवटी सेवकरामच्या उतरत्या टेबलावर येई. बावीस वर्षं तो नखाएवढ्या सुरीनं लोकांचे डाग खरवडत होता. मुर्रीहून पायी यायचं, खिडकीशी बसायचं, उजेड संपला की पायी जायचं. मागच्या महिन्यात एका वरमाईच्या नाकावर माशीएवढा डाग राहून गेला, तेव्हा सेठ म्हणाला होता, "तेरी आँखें गई, सेवकराम. अब एक भी डाग छूटा, तो ये टेबल दूसरे का."

तेव्हापासून सेवकरामला भातातही डाग दिसत.

प्लेटवर सगळं उलटं असतं. आकाश पांढरं, तारे काळे. ते तारे आहेत हे त्याला कळलं. धान राखायला जागलेल्या माणसाला मृग ओळखायला मास्तर लागत नाही. पण मृगाच्या बाणाचे जे तीन तारे, त्यांच्या खाली एक भुरकट गिचका होता, शाई फुटल्यासारखा. डोळ्यात तर नाही? त्यानं डावा डोळा मिटला. उजवा मिटला. मान वाकडी केली. चष्मा धोतरानं पुसला. गिचका जागचा हलेना.

म्हणजे प्लेटवरच होता. सेवकरामचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं सुरी उचलली. दुपारपर्यंत आकाश लख्ख झालं.

"माझा ढग कुठाय?" खेमराज मास्तर फोटो उलटापालटा करत म्हणाले.

"एकबी ढग नाई, मास्तर. एकदम उघाड पडली हाय."

"अरे, तो ढगच तर पाहिजे होता! बाणाखालचा!"

"तो होय? तो डाग होता. काढला." सेवकराम शाबासकीची वाट पाहू लागला.

मास्तर कागदी फुलांच्या कुंडीशेजारी मटकन बसले. दोन वर्षं काच घासून त्यांनी दुर्बिणीचा आरसा केला होता. बैलबंडीच्या जुन्या आसावर ती दुर्बीण परसात उभी केली होती. थंडीत पाऊण तास डोळा लावून, सरकत्या ताऱ्यांमागे केसाकेसानं स्क्रू फिरवून ही एक प्लेट मिळाली होती. परसातल्या नळकांड्यातून तेजोमेघ येणं अशक्य, असं नागपूरच्या एका प्रोफेसरांनी त्यांना लिहिलं होतं. महिनाअखेरपर्यंत पुरावा पाठवा, नाहीतर हा विषय बंद.

"त्या डागात तारे जन्मतात, सेवकराम! खरवडला काऊन? विचाराचं तरी!"

"नवरीच्या वणाले विचारतो का मी, राहतं का जातं म्हून? शिक्का होता, काढला."

सेठ पडद्याआडून धावत आला. "मास्टरजी, ये पेन्सिल से बना देगा. कितनी नाकें बनाई हैं इसने!"

सेवकरामनं पेन्सिलीला टोक काढलं. "सांगा, कसा होता?"

"पंख पसरलेल्या पाखरासारखा."

"सारस का बगळा?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. 'सारस' त्यांच्या ओठांवर आलंच होतं. मग ते उठले. "नको. खोटं नको. दुसरी प्लेट काढतो."

"इस बार धोकर सीधे मैं ही छापूँगा," सेठ म्हणाला, आणि सेवकरामकडे वळला. "तूने छुआ, तो समझ ले."

पाकीट ४३१. खेमराज मास्तर, कुडवा. प्लेट, नग एक.
शिक्क्यावर काट. खाली सेठच्या अक्षरात: कोणीही हात लावू नये. विशेषतः सेवकराम.

प्लेट वाळत होती. सेवकराम हात पाठीमागे बांधून वाकला. बाणाखाली मास्तरांचा गिचका होता. डाव्या कोपऱ्यात मात्र आणखी एक होता, लांबट, मधून आडवी फट. हा ओळखीचा निघाला. सेठच्या अंगठ्यावर काच कापल्याची आडवी खूण होती, आणि औषधानं ओल्या हातानं प्लेट धरायची त्याची खोड जुनी. नवऱ्यांच्या फेट्यावरून, नवरीमुलींच्या कपाळावरून सेवकरामनं बावीस वर्षं हाच अंगठा खरवडला होता. बायकोचं, देवकाबाईचं, तोंडही त्यानं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"सेठ, प्लेटीवर एक डाग—"

"छूना मत!"

"पर तो तुमचा—"

"डाग तेरी आँख में है!"

सेवकराम जागेवर जाऊन बसला. हाताला काम नव्हतं आणि तोंडाला मुभा नव्हती.

मास्तर मात्र फोटो बघून लहान पोरासारखे उडाले. "दोन! दोन तेजोमेघ! हा दुसरा नकाशात नाही! मधली काळी फट पाहा!"

"मास्तर, तो डाग हाय."

"तुझ्या लेखी सारं आभाळच डाग!" मास्तर सेठकडे वळले. "सेठ, याला तुमचंच नाव देतो. घनश्याम मेघ."

सेठनं छातीवर हात ठेवला.

"बराबर नाव हाय," सेवकराम टेबलाकडे बघत म्हणाला.

पोस्टकार्ड. नागपूरहून.
बाणाखालचा तेजोमेघ खरा आणि उत्तम. मी हरलो. घनश्याम मेघात भिंगाखाली बोटाच्या ठशाच्या रेषा मोजता आल्या. बोट कोणाचे, कळवावे.

मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. सेठ गरजला, "सेवकराम! आखिर हाथ लगा ही दिया! उठ उस टेबल से!"

सेवकराम उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यानं सेठचा उजवा हात धरला, फोटोसाठी लाजऱ्या नवरीची हनुवटी धरावी तसा, आणि अंगठा फोटोशेजारी उजेडात ठेवला. फटीला फट जुळली.

सेठनं हात ओढून खिशात घातला. तो हात दिवसभर खिशाबाहेर आला नाही.

"तुले ठाऊक होतं, तर बोलला काऊन नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"बोललो ना. दोघायलेबी. हा अंगठा तं मी बावीस वर्षं खरवडतो."

"अन् त्या बावीस वर्षांत काऊन नाही बोललास?"

"तेव्हा कोनी विचारलं नाई."

तो परत त्याच टेबलावर बसला. कोणी उठवलं नाही.

पाकीट ४४०. तीच प्लेट.
शिक्का नाही. सेठच्या डाव्या हातानं लिहिलेल्या वाकड्या अक्षरात: फक्त अंगठा काढणे. आकाश राहू द्यावे.

सेवकरामनं सुरी उचलली. अंगठा उतरत गेला तसा त्याच्याखाली एक बारीक काळा ठिपका दिसू लागला. डोळ्यात तर नाही? डावा मिटला. उजवा मिटला. तारा होता. ठेवला.

"गया क्या?" पडद्याआडून सेठनं हळूच विचारलं.

"गेला," सेवकराम चष्मा काढत म्हणाला. "पुढच्या प्लेटीपर्यंत."