समिती शुक्रवारी येते

कोणतीही चौकशी चौकशी करणाऱ्याच्या सोयीने व्हावी, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. आमची समिती याबाबतीत फारच सुधारलेली होती, हे मी तिचा सचिव म्हणून अभिमानाने सांगतो.

प्रकरण भिवंडीजवळच्या पूर्णा इथल्या आमच्या गोदामाचं. तिथे एका लोखंडी यंत्राच्या पोटात चौदा सर्व्हर राहतात. चौदाही खोटे, म्हणजे व्हर्च्युअल. पण काम खरं करतात (आमच्या मुख्य कार्यालयात नेमकं उलटं आहे). या चौदाजणांचं सगळं सामान शेजारच्या स्टोरेज नावाच्या कपाटात असतं आणि दोघांच्या मधून दोऱ्याएवढी बारीक केबल जाते. तर होत असे असं, की चौदाजणांना अधूनमधून आपलं कपाटच सापडत नसे. दोन-तीन मिनिटं गोदाम ठप्प. मालाचं स्कॅनिंग बंद, ट्रक रस्त्यावर, ड्रायव्हर शिव्या देण्यात मग्न. मग कपाट आपोआप सापडे, जणू काही झालंच नव्हतं.

हे सांभाळायला कौसर नावाची मुलगी होती. जवळच्याच शेलार गावची. कामात चोख, हे मान्य करायला हवं. वर्षभर कंत्राटावर होती आणि मुदत संपताच तिला कायम करायचं ठरलं होतं. अट एकच: त्याआधी बिघाडाचं मूळ कारण समितीपुढे सिद्ध व्हावं. न झाल्यास कंत्राट संपुष्टात. घरात कमावती ती एकटीच, असं ऐकून होतो (समिती ऐकून घेण्यात कधीच कमी पडली नाही).

समिती मुंबईहून येणार. शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग बंद असतात, त्यामुळे रस्ता मोकळा मिळतो. म्हणून समितीचा वार शुक्रवार. कौसरची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी, त्यामुळे कामात कोणी मधे मधे बोलत नसे. अशा सात शुक्रवारी आम्ही सर्व्हरसमोर खुर्च्या टाकून बसलो आणि सातही वेळा बिघाड झाला नाही. दरम्यान खोलीचा एसी बदलला. झाडू मारणाऱ्या रंगूबाईंना खोलीत यायची मनाई केली. वज्रेश्वरीचा अंगारा सर्व्हरला लावला, तोही रीतसर मंजुरी घेऊन. तरी इतर वारी मिळून त्रेचाळीस वेळा कपाट हरवलं. (रात्रीचा बिघाड एकही नाही. रात्री बघायला कोणी नसतं.)

पाचव्या भेटीच्या वेळी अय्यूबभाई आडवे आले. हे गोदामाचे देखभालवाले. आधीची तीस वर्षं मागांवर काढलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची खोड. म्हणाले, "साहेब, शुक्रवारी काय दिसनार? भिंतीपलीकडं चोवीस माग हायेत. सगले एकदम चालले का भिंत हालते, भिंतीवरची केबल हालते. सोमवारी या, भिंतीला हात लावा."

सोमवारी ट्रॅफिक फार असतो, हे आम्ही त्यांना शांतपणे समजावून सांगितलं.

मग कौसर स्वतः सुट्टी मोडून सहाव्या भेटीला हजर. सोबत कागद: कोणत्या वेळी माग सुरू, कोणत्या वेळी कपाट गायब, मिनिटाला मिनिट जुळलेलं. म्हणाली, "सर, केबल भिंतीपासून हातभर लांब घेते. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त परवानगी द्या."

कागद तिने माझ्यापुढे सरकवला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाईट वाटलं. पण मी ते इतिवृत्तात घेतलं नाही. परवानगी देणं शक्यच नव्हतं. मूळ कारण सिद्ध होण्याआधी दुरुस्ती केली तर मूळ कारणच नष्ट होतं, मग समितीने सिद्ध काय करायचं? शिवाय तंत्रज्ञानाच्या प्रश्नात भिंतीचं नाव घेणं आमच्या अध्यक्षांना, कुमारसाहेबांना, अडाणीपणाचं वाटलं.

तिचा कागद मात्र फार उपयोगी पडला. कुमारसाहेबांनी तो हजेरीपटाशेजारी ठेवला आणि आकडे बोलू लागले. एकूण बिघाड त्रेचाळीस. बिघाडाच्या वेळी कौसर हजर: त्रेचाळीस वेळा. कौसर सुट्टीवर असताना बिघाड: शून्य. सहाव्या शुक्रवारी ती आली होती खरी, पण त्या दिवशी ड्युटीवर नव्हती. शंभर टक्के जुळणी! एवढा निर्विवाद निष्कर्ष माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नव्हता. (जुळणी भिंतीशीही होत होती, पण भिंत कायम आहे आणि कौसर कंत्राटावर. कारवाई शक्य तिथेच करायची असते.)

सातव्या शुक्रवारी अहवालावर सह्या झाल्या. मूळ कारण: कौसर. उपाय: कमी करणे. सुट्टीच्या दिवशी बोलावून तिला तसं पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि अय्यूबभाईंना सलाम करून निघून गेली. आमच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आजवर एकाही बिघाडाची नोंद नाही. नोंद तीच करायची. रस्त्यावर ट्रक उभे दिसतात, पण त्याचं कारण ट्रॅफिक.

आता तुम्ही हसाल, आमच्या समितीला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त एक सांगा: परवा तुमच्या घरातलं इंटरनेट गेलं तेव्हा सगळे सोफ्यावर बसून होते आणि एकच जण उठून त्या डब्याच्या वायरी बघायला गेला. "तू काय केलंस त्याला?" असं तुम्ही कोणाला विचारलंत?