बदलती दृष्टी, प्रवेश मोफत

"पन्नास खुर्च्या मांड. एकही रिकामी राहणार नाही!" तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक देवपुजारी सरांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला, मुकुंदला, ठणकावलं. मुकुंदनं मान डोलावली आणि वीस मांडल्या.

बायको गेल्यापासून चार वर्षं सर एकटेच. मुलगी कॅनडात. घरात बोलायला उरला होता प्रेशर कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांत विषय संपवायचा! म्हणून हे व्याख्यान: 'निसर्गाकडे पाहण्याची बदलती दृष्टी आणि युरोपीय तत्त्वज्ञान'. एवढं मोबाइलवर कोण टाइप करणार? मुकुंदनं ग्रुपवर टाकलं, 'बदलती दृष्टी. ज्येष्ठांसाठी. प्रवेश मोफत.'

रविवारी साठ माणसं! सरांनी फळ्यावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'निसर्ग म्हणजे यंत्र'. त्याखाली जरा लहान, 'निसर्ग म्हणजे गूढ'. जागा संपत आली, म्हणून तळाशी मुंगीएवढं, 'निसर्ग बाहेर नाही, आपण त्यातच'.

वळून बघतात तर अख्खी पहिली रांग एक डोळा झाकून बसलेली!

"नि-सर्ग म्हण-जे यंत्र," शेजारच्या शोभाताईंनी वाचून दाखवलं. "आता दुसरा डोळा झाकू?"

"अहो, हे व्याख्यान आहे!"

"असू द्या. पण थेंब केव्हा टाकता?"

सरांना उलगडा झाला. खरं सांगितलं तर हॉल रिकामा होणार. तरी त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. दोन मिनिटांत हॉल रिकामा! उरले फक्त, फिरत फिरत गावापर्यंत पोचलेला मेसेज ऐकून पारशिवनीहून पहाटेच्या बसनं आलेले धोंडबा.

"तुम्ही नाही गेलात?"

"माही गाडी चारले हाय. बोला तुमी."

सर दीड तास बोलले. कधीकाळी युरोपात निसर्गाला घड्याळ समजत, मग त्याच्यापुढे हात जोडू लागले, आता म्हणतात नदी, वाघ, माणूस, सगळे एकाच घरचे! चार वर्षांचं साचलेलं सगळं धोधो बाहेर पडलं.

"खालची ओळ नाही दिसून राहिली," धोंडबा म्हणाले. "काय लिवलं?"

सरांनी वाचली.

"हे त आमच्याकडे बकऱ्यालेबी माहीत हाय! याच्यासाठी युरोपात काहून जा लागते?"

चाळीस वर्षं शिकवणाऱ्या सरांनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी धोंडबांना ऑटोत घातलं, बर्डीच्या बाजारात ओळखीच्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले आणि बसस्टँडवर सोडलं.

"पुढच्या रविवारी बायकोले आनतो," खिडकीतून धोंडबा म्हणाले.

सर खुलले. "वहिनींना आवडेल व्याख्यान?"

"कोनाले मालूम! तिले ऐकूच येत नाही."

बस हलली, तसे सर तिच्यासोबत चार पावलं धावले.

"किती वाजता येता?"