बटणावरची सोनेरी अक्षरं

डीव्हीडीच्या मेनूतलं बटण माझ्याइतकं देखणं अख्ख्या शेवगाव तालुक्यात कोणी सजवत नाही! हे मी म्हणत नाही, माझ्या 'फैयाज व्हिडिओ'ची पाटी म्हणते. पाटी मीच रंगवलीय, ती गोष्ट वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, डीव्हीडी बघतं कोण? मालनबाई बघतात! मोबाईलवर त्यांचं बोट भलतीकडंच पडतं, पण लेकीच्या लग्नात घेतलेला प्लेअर त्यांना जमतो. त्यांचे मालक, सहादेवकाका, गेल्या साली गेले. माणूस मुलखाचा अबोल. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, मी केलेल्या त्या लग्नाच्या शूटिंगात. तोही दोन वाक्यांचा!

"वर्षश्राद्धाला तेवढा आवाज ऐकीव बाबा," मालनबाई म्हणाल्या. "त्याबिगर घास उतरायचा न्हाई मला."

"मावशी, तुम्ही बघाच!"

दहाव्याचं शूटिंगही माझंच; दोन्ही एका डिस्कवर घेतली आणि मेनूत तीन बटणं केली: दहावा, भाषणं आणि काकांचा आवाज. मागं झेंडूची फुलं. अक्षरं बारीक, सोनेरी, कडेनं उजेड. बटण निवडलं की सोनेरीचं आणखी सोनेरी! साधी पांढरी जाड अक्षरं टाकायला मी काय एसटीचा बोर्ड रंगवतोय?

वर्षश्राद्धाला मांडव भरला. जुना टीव्ही स्टुलावर ठेवला. डिस्क घातली, झेंडू दिसला. नुसता झेंडू! माझ्या कॉम्प्युटरवर लखलखणारी अक्षरं त्या टीव्हीवर पिवळ्यात पिवळी होऊन गडप!

"बटनं कुठंयत, दादा?" काकांची लेक अश्विनी कुजबुजली.

"आहेत गं. दिसत नाहीत इतकंच."

अंदाजानं रिमोटचा बाण दाबला, ओके दाबलं. भाषण लागलं! "सहादेवराव आज आपल्यात नाहीत, पण पाण्याचा प्रश्न आपल्यात आहे!" गावचे पुढारी दहाव्याला बोलले होते ते. आणि तेच पुढारी आज पहिल्या रांगेत! मिशीवरून हात फिरवत स्वतःलाच ऐकू लागले.

घाईनं मागं आलो. बाण वर, बाण खाली, ओके. नदीचा घाट आला. पिंड मांडलेले, आणि कावळा काही शिवेना. सगळा मांडव पुन्हा एकदा कावळ्याची वाट बघत बसला! मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

परत मागं. परत भाषण! आणखी एकदा मागं, आणखी एकदा भाषण! तिसऱ्यांदा पाण्याचा प्रश्न आला तेव्हा पुढाऱ्यांना वाटलं, लोकांचा आग्रहच आहे. उठले की! "एवढं प्रेम करताय, तर आजही दोन शब्द बोलतो..."

तिकडं पंगतीचा भात निवला.

"दादा, आईनं सकाळपासून पानीसुद्धा घेतलं न्हाई," अश्विनी रडवेली झाली. बिस्मिल्ला म्हटलं, डोळे मिटले आणि दाबलं.

"ए फैयाज! तुझा तो दिवा बाजूला घे की! त्याच्यापायी मालन दिसंना मला!"

काका! अख्खा मांडव टीव्हीकडं वळला. पुढारीसुद्धा. मालनबाई उठल्या आणि टीव्हीच्या काचेला हात लावून उभ्या राहिल्या.

"परत लाव," म्हणाल्या.

परत झेंडू! किती बटणं बडवली, काका काही आले नाहीत. रडलो हो मी तिथंच. शेवटी मालनबाईंनीच मला हाताला धरून पंगतीला बसवलं आणि स्वतः दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मेनूच उडवला. डिस्क घातली की थेट काका! सुरुवातीला फक्त माझ्या दुकानाचं नाव, सोनेरी, गोल फिरत येणारं. एवढा तर हक्क आहे ना माझा?

आठवड्यानं मालनबाई दुकानात आल्या. डिस्क पुढ्यात ठेवली.

"लई बेस झालंय. रोज सांजच्याला लावते. पर फैयाज, तेवढं तुझं नाव काढ बाबा. ते फिरंस्तवर दम निघत न्हाई मला."

काढलं. बाहेर पाटीवर आहे म्हणा अजून.