महाराजांच्या शेपटीची गाठ

एका जंगलात (नकाशात शोधू नका मुलांनो, तिथं आता रिसॉर्ट झालंय) व्याघ्रकेसरी नावाचा वाघ राज्य करायचा. नाव त्यानं स्वतःच ठेवलं होतं. वाघ आणि सिंह दोन्ही आपणच असावं, अशी त्याची इच्छा होती.

त्या जंगलात मोठ्या जांभळीखाली एक दवाखाना होता. तिथं वैद्यराज मोर बसायचे. वैद्यराजांना औषधातलं किती कळायचं हे सांगणं कठीण आहे. पण ते पिसारा असा फुलवायचे, की रोगी आपला आजार विसरायचा. काही रोगी पुढे मरायचे, पण प्रसन्न चेहऱ्यानं मरायचे.

दवाखान्याच्या मागच्या उतारावर एक बीळ होतं. त्यात द्वारकाबाई सायाळ राहायच्या. वैद्यराज रोग्याच्या गाठीचा कपचा काढून खाली पाठवायचे. द्वारकाबाई तो मधमाश्यांच्या मेणात बसवायच्या. मेण घट्ट झालं, की धारदार पात्यानं त्याच्या चकत्या करायच्या. इतक्या पातळ, की शिंक आली तर काम गेलं. मग त्या जांभळाच्या आणि कोकमाच्या रसात रंगवायच्या, पाण्याच्या थेंबाखाली धरायच्या आणि डोळा लावून बसायच्या. थेंबातून बारीक ते मोठं दिसतं. गाठ साधी आहे की दुष्ट, ते बाई त्यातून सांगायच्या.

रोगी त्यांना ओळखत नसत. "गाठ तपासायला दिलीय," एवढंच म्हणत. कुणाला दिलीय, हे कुणी विचारायचं नाही. उत्तर आलं की सगळे वैद्यराजांच्या पाया पडायचे. द्वारकाबाईंना त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटायचं. पण सायाळीच्या पाठीवरून कोण हात फिरवणार, असं म्हणून त्या कामाला लागायच्या.

तर एकदा काय झालं, महाराजांच्या शेपटीच्या टोकाशी एक गाठ आली.

ती प्रथम राणीसाहेबांना दिसली. त्यांनी वैद्यराजांना बोलावलं. वैद्यराजांनी लांबूनच पाहिलं, कारण वाघाच्या जवळ जायला ते काही वेडे नव्हते.

"ही गाठ नव्हे," ते म्हणाले. "हे महाराजांचं तेज आहे. पराक्रम जास्त झाला, की तो शेपटीत साठतो."

महाराजांना हे निदान फार आवडलं. राणीसाहेबांना आवडलं नाही.

"कपचा काढून तपासायला द्या," त्या म्हणाल्या.

"देऊ की. नुसता उपचार म्हणून," वैद्यराज म्हणाले.

दवाखान्यात खेकडोजी नावाचा खेकडा चिरफाडीचं काम करायचा. त्यानं नांगीनं अलगद कपचा काढला. महाराजांनी डोळे घट्ट मिटले आणि 'कळलंसुद्धा नाही' असं तीनचार वेळा मोठ्यानं सांगितलं. कपचा खाली बिळात गेला.

लगेच मागोमाग प्रधान कोल्होबा आले.

"झालं का, बाई?"

"मेण घट्ट व्हायचंय."

"अहो, बघायचंच तर आहे. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"डोळे आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "चकती नाही."

कोल्होबा पाय आपटत गेले. द्वारकाबाईंनी चकती केली, रंगवली, थेंबाखाली धरली.

मुलांनो, आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं. चांगल्या पेशी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहतात तशा रांगेत असतात. एखादी चुळबुळते, पण जागा सोडत नाही. महाराजांच्या पेशींनी शाळाच मोडली होती. कुणी लहान, कुणी अवाढव्य. एकीच्या दोन होत होत्या, दोघींच्या चार. एकमेकींच्या अंगावर चढून, कुंपण तोडून त्या शेजारच्या वर्गात घुसल्या होत्या.

द्वारकाबाईंच्या पाठीवरचे काटे उभे राहिले.

त्यांनी थेंब पुसला, नवा घेतला, पुन्हा पाहिलं. दुसरी चकती केली. बाहेर जाऊन एक कंद खाल्ला. येऊन पुन्हा पाहिलं. एखादी गोष्ट आपल्याला चुकीची दिसावी, अशी त्यांना एरवी कधी इच्छा होत नसे. आज झाली. वाघाला ही बातमी सांगायची होती, हे एक कारण. पण दुसरंही होतं. थेंबाखाली ना पट्टे दिसत होते, ना सिंहासन. कुणाचं तरी दुखणं दिसत होतं, आणि ज्याचं होतं त्याला ते ठाऊक नव्हतं.

"गाठ दुष्ट आहे," त्यांनी कोल्होबांना सांगितलं. "पण अजून शेपटीतच आहे. शेपूट मुळाशी कापली, तर महाराज वाचतील. थांबलात तर ती वर चढेल."

कोल्होबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आवाज मऊ केला.

"बाई, 'दुष्ट' हा शब्द फार कडक होतो हो. 'खोडकर' म्हणूया का? खोडकर गाठ. ऐकायलाही बरं वाटतं."

"म्हणा की," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण गाठीला ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बातमी आधीच फुटली होती. शेपूट ही जंगलाची अस्मिता आहे, असा ठराव सकाळीच पास झाला होता. माकडांनी 'शेपूट बचाव' मोर्चा काढला. ज्यांना शेपूट नव्हती, अशा बेडकांनीही पाठिंबा दिला.

कोल्होबा उभे राहिले. "बंधूंनो, ह्या बाईंनी पाहायच्या आधी महाराज कसे होते?"

"ठणठणीत!"

"पाहिलं, आणि काय झालं?"

"आजार झाला!"

"मग आजार केला कुणी?"

एक ससा रडायला लागला. त्याची मावशीही बाईंनी पाहीपर्यंत चांगली हिंडतफिरत होती. मग एकेकाला आपापली मावशी आठवू लागली. बाईंनी पाहून जिला 'साधी गाठ आहे, घरी जा' असं सांगितलं होतं, ती म्हातारी घोरपड मागे बसली होती. ती काही बोलली नाही. तिला आजारच नव्हता, मग बोलणार कशाबद्दल?

द्वारकाबाईंना पुढे आणलं. एवढ्या डोळ्यांसमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचं काम एका डोळ्याचं होतं. पाय लटलटत होते.

महाराज खाली वाकले. मिशा बाईंच्या कानाला लागल्या.

"मी मरणार?" त्यांनी विचारलं. हे मात्र त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ते मला नाही कळत, महाराज," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला फक्त दिसतं तेवढं कळतं. गाठ वाईट आहे. आज कापली तर निघेल."

महाराजांनी डरकाळी फोडली. दरबार टाळ्या वाजवू लागला, कारण डरकाळीला टाळ्या वाजवायची पद्धत होती. त्या गोंगाटात राणीसाहेब उठून द्वारकाबाईंजवळ आल्या.

"तुमची चूक होत असेल का?"

"व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं, राणीसाहेब. नाही झाली."

राणीसाहेबांनी मान डोलावली. "चला घरी," त्या महाराजांना म्हणाल्या.

दरबारात महाराज वाघ होते. घरी ते घरचे होते.

"शेपूट हवी की मी?" राणीसाहेबांनी विचारलं. महाराजांनी विचार करायला थोडा वेळ मागितला. तो मिळाला नाही. जेवण झाल्यावर खेकडोजी आला, महाराजांना वैद्यराजांची गुंगीची मुळी चघळायला दिली, आणि शेपूट निघाली.

ती पानात गुंडाळून बिळात पाठवली. द्वारकाबाईंनी कापल्या टोकाच्या चकत्या केल्या. तिथं पेशी शहाण्या मुलींसारख्या रांगेत उभ्या होत्या. सगळी गाठ निघाली होती. कुंपण तोडून आलेली त्यांच्यात एकही नव्हती. द्वारकाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तो कुणाला तरी सांगायला बाहेर डोकं काढलं. बाहेर कुणी नव्हतं. मग त्यांनी तो स्वतःलाच सांगितला आणि झोपल्या.

पाऊस आला, गेला, पुन्हा आला. महाराज ठणठणीत होते. उडी मारताना जरा तोल जायचा, एवढंच.

आणि मुलांनो, इथूनच घोटाळा झाला.

"महाराजांना काही झालं का?" कोल्होबांनी दरबारात विचारलं.

"नाही!"

"म्हणजे आजार होता का?"

"नव्हता!"

"मग शेपूट कुणामुळे गेली?"

वैद्यराजांनी पिसारा फुलवला. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, ते तेज होतं म्हणून."

शेजारच्या जंगलात अस्वलांचा राजा अशाच एका गाठीनं वारला होता. त्याच्या वैद्यानं गाठ तपासायलाच दिली नव्हती. 'माझ्याकडून होईल ते मी केलं,' असं सांगून तो चितेपाशी फार सुंदर रडला. त्याला 'धन्वंतरीभूषण' पदवी मिळाली. आमच्या जंगलाला असा मोठ्या मनाचा वैद्य का नाही, अशी हळहळ दरबारात व्यक्त झाली.

राणीसाहेबांनी बोलायचा प्रयत्न केला. पण घरचा प्रश्न आणि राज्याचा प्रश्न वेगळा, असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं. फर्मान निघालं : यापुढे ह्या जंगलात कुणीही कुठलीही गोष्ट जवळून पाहायची नाही. महाराजांनी त्यावर पंजा उमटवला. उमटवताना त्यांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं नाही.

द्वारकाबाईंनी मेण गुंडाळून ठेवलं. कंद उकरायला लागल्या. कंदात काही दिसत नाही, तरी सवयीनं डोळ्याजवळ धरायच्या.

एका दुपारी मागच्या झुडपात खसफस झाली. पाहतात तर वैद्यराज. पिसारा काखेत दाबून, चोरासारखे वाकून उभे.

"बाई, पंखाखाली काहीतरी चोचीला लागतंय."

"फर्मान आहे ना, वैद्यराज?"

"जवळून पाहायला बंदी आहे. तुम्ही जरा लांबून बघा."

द्वारकाबाईंच्या मनात आलं, म्हणावं की हे तेज आहे. वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. पण वैद्यराजांचे पाय कापत होते, आणि कसे कापतात ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आपल्याच पाठीचा एक काटा उपटला आणि त्यानं गाठीतून चिमूटभर काढलं.

वैद्यराज उतारावरच्या दगडावर बसून राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना कळलं, की मेण घट्ट व्हायला किती वेळ लागतो.

"चरबी आहे," शेवटी द्वारकाबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "साधी. घरी जा."

"नक्की?"

"नक्की."

"नीट पाहिलंत ना? अगदी जवळून?"

"अगदी जवळून."

वैद्यराज ढसाढसा रडले. पिसाऱ्यानं डोळे पुसले. मग पिसं नीट केली, मान ताठ केली आणि चालू लागले.

"मला वाटलंच होतं," जाताजाता ते म्हणाले.

तात्पर्य : रोग वेळेवर ओळखू नये. रोगी वाचतो, आणि वाचलेला रोगी हा आपल्या विरुद्धचा सगळ्यात धडधाकट पुरावा असतो.